उन्हाची बेगमी

गेले काही रविवार वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये एकच विषय निघतो. "तुम्ही छतावर पॅनेल बसवलीत ना? मग आता बिल किती येतं?" मी उत्तर द्यायला लागतो, तेवढ्यात कोणाची तरी मुले गाडीतून हाका मारू लागतात आणि उत्तर अर्धेच राहते. संपादिकाबाईंनी हे दोन-तीनदा पाहिले आणि "आता एकदाचा लेखच लिहा, आणि तोही मराठीतून," असा हुकूम सोडला. पाने दोन मागितली होती, चार झाली आहेत. झेरॉक्सचा वाढीव खर्च माझ्याकडे.

सुरुवात बिलापासून करत नाही. सुरुवात करतो गेल्या ऑगस्टमधल्या एका दुपारपासून.

आम्ही कार्ल्सबॅडला समुद्रापासून दीड मैलावर राहतो. माझी आई आमच्याबरोबर असते. तिला फुप्फुसाचा त्रास आहे, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ आणि रात्रभर ती प्राणवायूच्या यंत्रावर असते. हे यंत्र हवेतला नायट्रोजन बाजूला काढून प्राणवायू पुढे पाठवते आणि ते विजेवर चालते. २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही छतावर बारा पॅनेल बसवली, तेव्हा मी आईला मोठ्या रुबाबात सांगितले होते, "आता वीज गेली तरी तुला काळजी नाही. वर सूर्य आहे."

ऑगस्टमध्ये एका शनिवारी दुपारी साडेबाराला आमच्या गल्लीतली वीज गेली. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. पॅनेल उन्हात चकाकत होती आणि घरात सगळे बंद. यंत्राने एक लांब शिटी दिली आणि तेही थांबले. मी खाली पळालो, ब्रेकर खालीवर करून पाहिला, काही उपयोग झाला नाही. अशा वेळेसाठी घरात प्राणवायूचा एक छोटा सिलेंडर ठेवलेला असतो. तो काढला, तर काटा लाल पट्ट्यात. महिनाभरापूर्वी तो बदलून घ्यायचा होता. "आता पॅनेल आहेत, घाई कशाला?" म्हणून मी फोन केला नव्हता.

शेजारचे निवृत्त नौसैनिक आजोबा आपला पेट्रोलवरचा जनरेटर घेऊन आले, कुंपणावरून वायर टाकली आणि आईचे यंत्र सुरू झाले. वीज परत यायला तीन तास चाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ इंजिनिअर मुलगा, त्याच्या छतावर बारा पॅनेल, आणि आईचा श्वास शेजाऱ्याच्या पेट्रोलवर. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

चूक कंपनीची की माझी? विक्रेत्याने सांगितले नाही हे खरे. पण मी विचारलेही नाही. तुम्ही तरी विचारावे, म्हणून हा लेख.

पॅनेलमध्ये होते काय?

मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी. पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. सिलिकॉन म्हणजे वाळूतच सापडणारे मूलद्रव्य, पण खूप शुद्ध करून घेतलेले. चकतीच्या एका बाजूला किंचित फॉस्फरस आणि दुसऱ्या बाजूला किंचित बोरॉन मिसळलेले असते. फॉस्फरसच्या बाजूला इलेक्ट्रॉन जरा जास्त, बोरॉनच्या बाजूला जरा कमी. दोन्ही थर जिथे भेटतात तिथे एक उतार तयार होतो असे समजा. प्रकाशाचा कण येऊन आदळला की एक इलेक्ट्रॉन जागचा सुटतो आणि त्या उताराने एकाच दिशेला घसरतो. असे असंख्य इलेक्ट्रॉन एकाच दिशेने निघाले की झाला विद्युतप्रवाह. यात काही जळत नाही, काही फिरत नाही, आवाज होत नाही.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन या तिघांनी असा पहिला व्यवहारात वापरता येण्याजोगा सिलिकॉन घट १९५४ साली जगाला दाखवला. त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज होत असे. आजच्या घरगुती पॅनेलमध्ये २० ते २२ टक्के होते. गंमत अशी की आमच्या कार्ल्सबॅडच्या किनाऱ्यावरचे एन्सिना वीजकेंद्रही १९५४ सालीच सुरू झाले. तेल आणि वायू जाळून ते वीज करी. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ते बंद झाले आणि त्याचे ते उंच धुराडेही आता पाडले आहे. बेल प्रयोगशाळेतला तो चिमुकला घट मात्र वाढत वाढत आमच्या छतावर येऊन बसला.

एका चकतीतून जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट मिळतो. म्हणून पुष्कळ चकत्या माळेसारख्या जोडतात. माळ म्हटली की तिचा दोषही आला. दिवाळीच्या दिव्यांच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की पुढचे सगळे जात, तसे एका चकतीवर सावली पडली की माळेतल्या इतरांचाही प्रवाह अडतो. त्यासाठी पॅनेलमध्ये आडवाटा ठेवलेल्या असतात, तरी सावली ही पॅनेलची खरी शत्रू. धुराड्याची, झाडाची, शेजारच्या मजल्याची सावली सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कुठे पडते, ते छताकडे पाहून आधी लिहून काढा.

पॅनेलमधून येते ती एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातली वीज सेकंदाला साठ वेळा पुढेमागे होणारी. या दोघींमधला दुभाषा म्हणजे इन्व्हर्टर. सगळ्या पॅनेलना मिळून एक मोठा इन्व्हर्टर लावता येतो, किंवा प्रत्येक पॅनेलखाली एक छोटा. छतावर सावली नसेल तर मोठा एक पुरतो आणि स्वस्त पडतो. आमच्याकडे शेजारच्या निलगिरीची सावली संध्याकाळी दोन पॅनेलवर येते, म्हणून आम्ही छोटे बसवले.

मग ऊन असताना वीज का गेली?

हा प्रश्न त्या शनिवारी रात्री आमच्या मुलीने विचारला. मी तिला भजनाचे उदाहरण दिले. गणपतीत आपण आरतीनंतर भजन करतो, तेव्हा पखवाज ठेका धरतो आणि टाळकरी त्याच्या तालावर टाळ वाजवतात. आमचा इन्व्हर्टर हा टाळकरी. रस्त्यावरून येणारी वीज हा पखवाज. पखवाज थांबला की टाळकऱ्याने टाळ खाली ठेवायचे, असे त्याला शिकवलेलेच आहे. दोन सेकंदांच्या आत त्याने थांबलेच पाहिजे, असा नियम आहे.

नियम कशासाठी? खांबावरचे रोहित्र दोन्ही बाजूंनी काम करते. एरवी ते रस्त्यावरच्या हजारो व्होल्टचे घरासाठी २४० व्होल्ट करते. उलट बाजूने आपण २४० व्होल्ट ढकलले, तर तेच रोहित्र त्याचे हजारो व्होल्ट करून तारेत सोडेल. आणि तारेला तेव्हा कोणी तरी हात लावलेला असतो. "वीज गेलेली आहे" अशा खात्रीने खांबावर चढलेला तो माणूस कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप असतो. म्हणून वीज गेली की पॅनेल मुकी होतात. तो बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. त्या शनिवारी आमच्या छताने जे केले ते बरोबरच केले.

वीज गेल्यावरही पॅनेल चालायला हवी असतील तर दोन गोष्टी लागतात. एक, घर आणि रस्ता यांचा संबंध आपोआप तोडणारा स्विच. दुसरी, घरात स्वतःचा पखवाज, म्हणजे स्वतः ताल धरू शकणारी बॅटरी. या दोन्ही असल्या की घर एखाद्या बेटासारखे होते आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या तालावर पुन्हा टाळ धरतो.

माझा चुकलेला हिशोब

आता बिल. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, त्यामुळे पॅनेल घेण्यापूर्वी मी एक सुंदर तक्ता केला होता. आमचा वर्षाचा वापर ७,२०० युनिट. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. ४०० वॅटचे एक पॅनेल आमच्या छतावर वर्षाला सुमारे ६०० युनिट देते. म्हणजे बारा पॅनेल पुरे. युनिटचा सरासरी दर ४० सेंट धरला, तर वर्षाला २,८८० डॉलर वाचणार. पॅनेलचा खर्च १६,८०० डॉलर. त्यातून तेव्हा मिळणारी ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत वजा जाता ११,७६०. भागाकार केला, चार वर्षांत पैसे वसूल! मी तक्ता सौ.ला दाखवला. ती म्हणाली, "इतकं सोपं असतं तर सगळ्यांनीच लावली नसती का?" मी हसलो.

एप्रिलचे बिल आले ते माझ्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. कारण सापडले ते मुलीच्या वहीत.

तुम्हाला आठवत असेल, वसंताच्या सुट्टीत बाईंनी गृहपाठ दिला होता: घरातली एखादी गोष्ट मोजा आणि आकडे मराठी अक्षरांत लिहा. आमच्या कन्येने वीजमीटर निवडला. एका शनिवारी दर तासाला ती बाहेर जाऊन आकडे लिहून आली. "एकोणतीस" की "एकोणचाळीस" यावरून घरात दोनदा वाद झाला. पण वहीत एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. सकाळी दहा ते दुपारी तीन आमचे घर जवळजवळ काहीच घेत नव्हते, उलट रस्त्याला वीज देत होते. संध्याकाळी पाचनंतर स्वयंपाक, धुणे, दिवे, टीव्ही आणि आईचे यंत्र सुरू झाले, तोवर सूर्य निलगिरीआड गेलेला. दिवसाची बेरीज शून्याच्या आसपास होती, पण तासांचा हिशोब तसा नव्हता.

आणि कॅलिफोर्नियात आता तासच मोजतात. १५ एप्रिल २०२३ च्या आधी ज्यांनी अर्ज केला, त्यांना दुपारी दिलेल्या युनिटचे जवळपास विकत घेतो त्याच भावाने पैसे मिळतात, तेही वीस वर्षे. आमच्या एका मित्राची पॅनेल २०१९ ची. मी त्याच्या अनुभवावर तक्ता बेतला आणि तिथेच फसलो. त्या तारखेनंतरच्या ग्राहकांना दिलेल्या युनिटचा भाव तासागणिक वेगळा मिळतो, आणि दुपारी सगळीच छते वीज देत असतात, त्यामुळे तो फार कमी असतो. आमचा वर्षाचा मेळ घातला तर युनिटला सरासरी ७ सेंट पडतात. संध्याकाळी चार ते नऊ या वेळात तीच वीज विकत घ्यायची तर सगळ्यात महाग.

नवा हिशोब असा. ७,२०० युनिटपैकी एक तृतीयांश, म्हणजे २,४०० युनिट, आम्ही तयार होताक्षणीच वापरतो. ते ४० सेंटने वाचतात : ९६० डॉलर. उरलेले ४,८०० युनिट ७ सेंटने जातात : ३३६ डॉलर. एकूण १,२९६. पैसे वसूल व्हायला चार नव्हे, नऊ वर्षे. पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारण २५ वर्षांची असते, त्यामुळे सौदा वाईट नाही. पण माझ्या तक्त्याएवढा गोडही नाही. शिवाय बिलातला दरमहाचा स्थिर आकार पॅनेल लावली तरी भरावाच लागतो.

यावरून घरातल्या सवयी बदलल्या. कपडे आणि भांडी धुण्याची यंत्रे आता अकराला लागतात. इडलीचे पीठ दुपारी वाटले जाते. गाडी विजेची असेल आणि दुपारी घरी उभी असेल, तर ती तेव्हाच चार्ज करावी. काही पॅनेल पश्चिमेकडच्या उतारावर लावली तर वर्षाची वीज थोडी कमी मिळते, पण ती संध्याकाळकडे सरकते. आमची आठ दक्षिणेला आणि चार पश्चिमेला आहेत.

समुद्राकाठचे ऊन

"सॅन डिएगोत काय, बारा महिने ऊन!" असे नातेवाईक म्हणतात. ते मे-जूनमध्ये आलेले नसतात. इथला समुद्र थंड आहे. त्यावरची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचे झाकण असते, आणि मधे ढगांचा थर अडकतो. तो दुपारपर्यंत किनारा सोडत नाही. जून म्हटला की आमच्या चिपळूणला धो-धो पाऊस, इथे नुसतेच मळभ. त्या मळभातही पॅनेल थोडीफार चालतात, कारण ढगातून झिरपलेला उजेड त्यांना मिळतो. पण मे महिन्यातल्या एखाद्या निरभ्र दिवशी आमच्याकडे ३० युनिट झाले असतील, तर जूनच्या कोंदट दिवशी १५ होतात. म्हणून समुद्राजवळच्या घराचा अंदाज वीस मैल आतल्या गावाच्या आकड्यांवरून घेऊ नये.

समुद्राचा एक फायदाही आहे. पॅनेलना उजेड हवा, उष्णता नको. तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. वाळवंटातल्या कडक उन्हात पॅनेल तापून निघतात, इथे खारा वारा त्यांना गार ठेवतो.

मात्र तोच वारा लोखंड खातो. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पॅनेलची चौकट आणि खालचे रूळ अॅल्युमिनियमचे, स्क्रू-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत, आणि पॅनेल मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत उतरलेली आहेत का, हे विचारावे. इथे उन्हाळाभर पाऊस नसतो, त्यामुळे धूळ आणि समुद्रपक्ष्यांचा प्रसाद साचतो. सकाळी काच गार असताना, जमिनीवरूनच, बागेच्या नळीने वर्षातून दोन-तीनदा धुतले की पुरते. छतावर चढू नका.

सही करण्यापूर्वी

क्रमाने सांगतो.

१. बारा महिन्यांची बिले काढा. विक्रेत्याला वर्षाचा आकडा नव्हे, तासातासाचा वापर द्या. तो वीज कंपनीच्या खात्यावर मिळतो. पहिल्याने आम्हाला बावीस पॅनेल सुचवली होती, जवळजवळ दुप्पट. जादा वीज ७ सेंटने विकण्यासाठी कोणी पॅनेल घेऊ नयेत.

२. छताचे वय पाहा. पाच-सात वर्षांत छत बदलायचे असेल तर आधी छत, मग पॅनेल. नाहीतर काढण्या-घालण्याचा खर्च पुन्हा पडतो.

३. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्याकडे सी-१० किंवा सी-४६ परवाना लागतो. परवाना क्रमांक मागा आणि राज्याच्या कंत्राटदार मंडळाकडे तपासा. आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त कायद्याने मागता येत नाही.

४. दारात उभा राहून पाटीसारख्या संगणकावर बोटाने सही घेणाऱ्याला चहा द्या, सही देऊ नका. दिलीच असेल, तर घरी येऊन केलेला असा करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो. ६५ वर्षांच्या पुढच्यांना पाच दिवस मिळतात.

५. घरमालकांच्या सोसायटीची परवानगी मागावी लागते, पण १९७८ च्या कायद्यामुळे तिला सरसकट नाही म्हणता येत नाही.

६. पॅनेल एक-दोन दिवसांत बसतात, वेळ लागतो तो कागदांना. शहराचा परवाना, नंतर शहराची तपासणी, शेवटी वीज कंपनीची चालू करण्याची परवानगी. ती येईपर्यंत बटण दाबू नका.

आता करसवलतीबद्दल. स्वतः विकत घेतलेल्या घरगुती पॅनेलवरची ३० टक्क्यांची केंद्रीय सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ती २०३२ पर्यंत चालणार होती, पण जुलै २०२५ मधल्या कायद्याने ती आधीच बंद केली. जुनी पत्रके अजून फिरत आहेत, त्यांवर विश्वास ठेवू नका. सवलतीशिवाय माझाच हिशोब तेरा वर्षांवर जातो. भाड्याने पॅनेल देणाऱ्या कंपन्यांना त्यांच्यापुरती वेगळी सवलत अजून काही काळ आहे, म्हणून विक्रेते आता भाड्याचा आग्रह धरतात. भाडे वाईटच असे नाही, पण "दरवर्षी २.९ टक्के वाढ" असे बारीक अक्षरांत लिहिलेले असेल, तर पंचविसाव्या वर्षी हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. आणि मध्येच घर विकायचे झाले, तर तो करार नव्या मालकाच्या गळ्यात घालावा लागतो किंवा पैसे भरून मोडावा लागतो.

बॅटरी घ्यावी का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही बॅटरी बसवली. १० युनिट साठवणारी, खर्च १२,५०० डॉलर, सवलतीनंतर ८,७५०. तिच्यामुळे दुपारची वीज संध्याकाळी वापरता येते आणि वर्षाला सुमारे ७७० डॉलर जास्त वाचतात. म्हणजे तिचे पैसे वसूल व्हायला अकरा वर्षे, आणि हमी दहा वर्षांची. आज सवलतीशिवाय घेतली तर सोळा वर्षे. संध्याकाळचा चढा दर धरला तर आकडा थोडा सुधारतो, पण फार नाही. नुसत्या पैशाच्या हिशोबात बॅटरी बसत नाही हे मी कबूल करतो. आमच्याकडे ती आईसाठी आहे.

आईचे यंत्र ३५० वॅटचे. रात्रीच्या दहा तासांना साडेतीन युनिट. त्यात फ्रिजचे अर्धा-पाऊण युनिट धरले तरी चार-सव्वाचार. दहा युनिटची बॅटरी ते सहज निभावते आणि सकाळी ऊन आले की पुन्हा भरते. ओव्हन आणि एअर कंडिशनर आम्ही मुद्दाम बॅटरीवर ठेवले नाहीत. काय चालायला हवे याची यादी आधी करावी लागते, म्हणजे बॅटरी उगाच मोठी घ्यावी लागत नाही.

बॅटरी बसल्यावर मी आईला पुन्हा रुबाबात काही सांगायला गेलो नाही. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही रंगीत तालीम केली. भरलेला सिलेंडर आईच्या उशाशी ठेवला आणि मग मी स्वतः बाहेर जाऊन मुख्य ब्रेकर खाली ओढला. दिवे एकदा लुकलुकले. यंत्राचा आवाज चालूच राहिला. मुलीने घड्याळ लावून पूर्ण दोन तास मोजले आणि वहीत लिहिले, "एकशेवीस मिनिटे."

आई म्हणाली, "म्हणजे तुम्ही बेगमी केलीत होय! मग आधी का नाही केली? आंबोशी, आमसुलं, फणसाचे पापड, सगळं वैशाखात वाळवून डब्यात जातं. आषाढात अंगणात ऊन शोधत कोणी बसतं का?"

बारा ओळींचा तक्ता करूनही मला जे कळले नव्हते ते तिने दोन वाक्यांत सांगितले. पॅनेल म्हणजे अंगणातले वाळवण. डबा नसेल तर त्या दिवशी खाल्ले तेवढेच तुमचे.

ज्यांच्या घरी विजेवर चालणारे वैद्यकीय यंत्र आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी शेवटी लिहितो. एक, कॅलिफोर्नियातल्या वीज कंपन्यांकडे 'मेडिकल बेसलाइन' नावाची योजना आहे. डॉक्टरांची सही घेऊन अर्ज केला की काही वीज कमी दराने मिळते आणि ठरवून वीज बंद करण्यापूर्वी आपल्याला कळवले जाते. पॅनेल असोत वा नसोत, हा अर्ज कराच. आम्ही तो ऑगस्टनंतर केला, खरे तर पहिल्या दिवशीच करायला हवा होता. दोन, बॅटरी असली तरी भरलेला सिलेंडर घरात हवाच, आणि त्याचा काटा दर महिन्याच्या एक तारखेला पाहायचा. आमच्याकडे ते काम मुलीने घेतले आहे. तीन, आपल्या शेजाऱ्यांची ओळख ठेवा. त्या दिवशी आमच्या मदतीला तेच आले. आता आमच्या बॅटरीची एक वायर त्यांच्या फ्रिजपर्यंत पोचेल इतकी लांब आणून ठेवली आहे.

कोणाला मीटर, बॅटरी किंवा माझा चुकलेला तक्ता पाहायचा असेल त्यांनी वर्ग सुटल्यावर घरी यावे. चहा दुपारी चारच्या आत मिळेल, नंतर वीज महाग होते!

*मुलांसाठी गृहपाठ :* एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते रात्री नऊ, दर दोन तासांनी घरचा वीजमीटर वाचा. आकडे मराठी अक्षरांत लिहा. सगळ्यात जास्त वीज कोणत्या दोन तासांत लागली आणि का, ते पाच वाक्यांत सांगा.

*अवघड शब्द :* बेगमी – पुढच्या दिवसांसाठी केलेला साठा. रोहित्र – विजेचा दाब कमी-जास्त करणारे खांबावरचे यंत्र. मळभ – आकाश ढगांनी झाकोळणे. आंबोशी – कैरीच्या वाळवलेल्या फोडी. रंगीत तालीम – खऱ्या प्रयोगाआधी सगळे तसेच करून पाहणे.

– तिसरीच्या वर्गातील एक पालक